कापूस भरलेली गिटार

कडुनिंबाचा फुलोरा यंदा लवकर गळाला. सकाळी अंगण झाडलं तरी दुपारपर्यंत पुन्हा पांढुरकी भुकटी साचते आणि तिचा कडसर गोड वास पडद्यातून आत येऊन सहावीच्या भूगोलाच्या पेपरांवर बसतो. मी पेपर तपासत असते. एका पोरानं जपान श्रीलंकेच्या जागी दाखवलाय. त्याला अर्धा गुण द्यावा असं मला फार वाटतं, कारण जपान हे बेट आहे एवढं तरी बिचाऱ्याच्या लक्षात राहिलंय. तेवढ्यात मागच्या वस्तीत भोंगा खाकरतो, हॅलो, हॅलो, चेक, आणि माझा लाल पेन थांबतो. भीमजयंतीचा महिना लागला.

वाशीमच्या बाकीच्या लोकांना एप्रिल म्हणजे कूलरचं गवत बदलणं, पाण्याची ओरड आणि लग्नाच्या पत्रिका. मला तो गायन पार्टीचा महिना वाटतो. माझे बाबा गायन पार्टीत गिटार वाजवायचे. हे कुणाला सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, म्हणजे पेटी का? पेटी नाही हो, गिटार. विजेवरची, जपानी. मानोऱ्याच्या पुढच्या एका लहानशा गावातल्या, चौथी शिकलेल्या वायरमनकडे जपानची गिटार होती आणि एप्रिलभर तो ती घेऊन गावोगाव जायचा. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. गिटार माझ्याकडे आहे.

आहे म्हणजे मी ती धरून बसले आहे. गावातल्या नव्या पार्टीत प्रेरणा नावाची मुलगी गिटार वाजवते. बाबांच्या पार्टीतले ढोलकीवाले किसनकाका, त्यांची ती नात. दिवसा ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते, गिटार मोबाइलवर बघून शिकली आणि कुणाकडून तरी मागून आणलेल्या एका खोक्यासारख्या गिटारीवर निभावून नेते. गेली तीन वर्षं एप्रिलच्या तोंडावर तिचा फोन येतो. ताई, या वर्षी देता काय? आणि मी दर वर्षी तेच सांगते. देते गं, पण आधी तिचा कारखाना सापडू दे, ती कुणी बनवली ते एकदा कळलं की देतेच. पहिल्या वर्षी हे खरं होतं. दुसऱ्या वर्षी निम्मं खरं होतं.

गिटारीचा रंग मधोमध पिकल्या टेंभुर्णीच्या फळासारखा पिवळा आहे आणि कडांकडे काळा होत गेलेला. अंगावर दोन लांबट वळणदार चिरा आहेत, व्हायोलिनला असतात तशा. ती धड पोकळ नाही आणि धड भरीवही नाही. आत मधोमध लाकडाचा ठोकळा आणि त्याच्या दोन्ही अंगांना रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेमुळे तिचा आवाज गोल येतो, आणि त्याच जागेमुळे ती मोठ्या भोंग्यासमोर उभी केली की कानठळ्या बसतील अशी शिट्टी मारते. हे सगळं मी आता मोबाइलवर वाचून शिकले. बाबा ते रिसोडकडच्या एका गावात, भरल्या मंडपात शिकले.

ती आमच्याकडे आली तेव्हा मी सातवीत होते. अकोल्यात एक ऑर्केस्ट्रा मोडला. बाबा त्यांच्याकडे लायटिंगच्या कामाला जायचे. ऑर्केस्ट्राचा गिटारवाला आखातात नोकरीला निघाला होता आणि त्याची ही जुनी गिटार मुकी झाली होती. त्यानं बाबांना म्हटलं, वायरमन आहेस ना, हिला बोलती केलीस तर तुझी. बाबांनी तारांखालचा एक रुपेरी चुंबक स्क्रू काढून उचलला, त्या भोकातून दोन बोटं आत घातली, तुटलेली तार चाचपून बाहेर ओढली आणि कथिलाचा एक डाग दिला. गिटार बोलली. त्या माणसानंही शब्द पाळला, हे मला आज जास्त नवलाचं वाटतं.

माय त्यांना बाहेरगावी निजायला एक गोधडी द्यायची. त्या गोधडीत गुंडाळून त्यांनी गिटार एसटीनं आणली, मांडीवर आडवी घेऊन. कंडक्टरला वाटलं आजारी लेकरू आहे, त्यानं लेकराला काय झालं म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, काही नाही, झोपलंय. कंडक्टरनं मानोऱ्यापर्यंत दोनदा येऊन विचारपूस केली आणि बाबांनी दोन्ही वेळा गोधडी थोपटली. हा किस्सा ते मरेपर्यंत सांगत आणि दर वेळी आधी स्वतःच हसत.

तो एप्रिल माझ्या अंगात अजून तसाच आहे. दुपारी विहाराच्या टिनाखाली तालीम असायची. टीन तापून कटकट वाजायचं, कुणीतरी त्यावर ओली पोती टाकायचं आणि दहा मिनिटांत ती वाळून कडक व्हायची. किसनकाका ढोलकी उन्हात ठेवून कातडं चढवायचे आणि मधूनमधून तिला टिचकी मारून कान लावायचे. तांड्यावरच्या बाया टोपलीत टेंभुर्णी आणायच्या. आम्ही कोरसच्या पोरी ती खाऊन चिकट तोंडानं गायचो, तर मुख्य गायक चिडायचे की शब्द सगळे गुळात बुडाले. बाबा आधी बेंजो वाजवायचे, तेव्हा सुरांची ओळख होती. गिटारीवर चार बोटं एकदम दाबायची असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते एकाच तारेवर गायकाच्या मागोमाग जायचे, वाट माहीत नसलेल्या गावात पुढच्या माणसाच्या मागोमाग जावं तसं. कधी गायक वळायचा आणि बाबा सरळच पुढे निघून जायचे. मग सगळे थांबायचे, पाणी प्यायचे, पुन्हा सुरू करायचे. कुणाला कसलीच घाई नव्हती.

पहिल्याच कार्यक्रमात तिनं शिट्टी मारली. गायकानं तोंड उघडलं आणि भोंग्यातून असा काही आवाज निघाला की पुढच्या ओळीतली लेकरं कान दाबून रडायला लागली. बाबांनी घाबरून वाजवणं थांबवलं, तरी ती ओरडतच राहिली. मंडप हसला. मी कोरसमध्ये उभी होते आणि मला माझ्या बापाची लाज वाटली. हे लिहायला मला चाळीस वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा घरात गिटार मांडीवर घेऊन बसले होते. कोपऱ्यात फरदडीचा कापूस पडला होता, शेवटच्या वेचणीचा, बाजारात न्यावा एवढाही नाही. बाबांनी त्यातला मूठभर उचलला आणि गिटारीच्या चिरेतून आत घातला. मग आणखी एक मूठ. मग उलथन्याच्या दांड्यानं दाबून दाबून दोन्ही पोकळ्या ठासून भरल्या. माय चुलीपाशी बसून काहीतरी बडबडत होती, तिकडे आमचं कुणाचंच लक्ष नव्हतं. त्या दिवशीच्या कार्यक्रमात गिटार एकदाही ओरडली नाही. तिचा आवाज थोडा दबला, मऊ झाला. येताना गाडीत बाबा म्हणाले, पऱ्हाटीनं वाचवलं. आमच्याकडे कपाशीला पऱ्हाटी म्हणतात.

आणि मग ते नाव. गिटारीच्या शेंड्यावर, खुंट्यांच्या मधोमध, सोनेरी वळणदार अक्षरांत इंग्रजी नाव होतं. महिन्याच्या शेवटी एका मोठ्या गावच्या कार्यक्रमात शहरातला एक वादक आला होता. त्यानं आधी बाबांना पूर्ण नाव विचारलं. ते ऐकून झाल्यावर त्यानं गिटारीचा शेंडा उजेडात धरून तिचंही नाव वाचलं आणि हसून म्हणाला, ही काही खरी कंपनी नाही, नक्कल आहे. बाबांनी गिटार परत गोधडीत गुंडाळली. घरी आल्यावर त्यांनी दाढीचं पातं काढलं आणि ते सोनेरी नाव खरवडून टाकलं. मी शेंडा मांडीत घट्ट धरून बसले होते. सोनेरी कण माझ्या फ्रॉकवर पडत होते. मग त्यांनी त्या जागेवर निळ्या ऑइलपेंटनं आमच्या गावाचं नाव लिहिलं आणि म्हणाले, "आता इचारू दे कोनाले इचाराचं ते."

मी सातवीत होते. मला इंग्रजी वाचता येत होतं. ते नाव मी वाचलं होतं, खरवडायच्या आधीही आणि खरवडतानाही. आज मला त्यातलं एक अक्षरही आठवत नाही.

बाबा गेल्यावर मायनं गिटार माझ्या हाती दिली, तेव्हा गोधडी सोडून मी तो निळा शेंडा कितीतरी वेळ बघत बसले. रंगाच्या थराखाली बोटाला काही लागतं का ते चाचपलं. काही लागत नव्हतं. तेव्हापासून मी हिचा कारखाना शोधायला लागले. मला वाटायचं, मी एक गोष्ट हरवली आहे आणि ती मीच भरून द्यायला हवी.

यात एक गंमत आहे, आणि ती माझ्या अंगावर येते. एसटीत, लग्नात, बदली होऊन गेलेल्या प्रत्येक शाळेच्या स्टाफरूममध्ये मला लोक विचारत आले आहेत, पूर्ण नाव सांगा ना मॅडम. शीला एवढं त्यांना पुरत नाही. आडनाव सांगितलं की त्यांना जे हवं असतं ते मिळतं आणि पुढचं बोलणं एकदम हवापाण्यावर जातं. मला त्याचा संताप येतो, अजूनही येतो, वय झालं तरी कमी झालेला नाही. आणि तीच मी तीन वर्षं एका मुक्या लाकडाच्या मागे लागले होते, तू कुणाची, कुठली, तुझं खरं घराणं कोणतं. बाबांनी जे पुसलं तेच मी भिंग घेऊन शोधत होते. ते असते तर म्हणाले असते, तुले दुसरे धंदे नाहीत काय.

पण शोधाचं एक वेड असतं. जुन्या जपानी गिटारी ओळखणाऱ्यांचे मोबाइलवर गट आहेत, जगभरची माणसं त्यात रमलेली. त्यांच्याकडून मी शिकले की शेंडा कसा कापलाय ते बघायचं, पहिल्या पडद्याच्या, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्टीच्या, आधी एक जादाचा पडदा आहे का ते बघायचं, मानेच्या मागचा पत्रा, त्यावरचा आकडा, चुंबकाच्या झाकणावरची नक्षी, कडेच्या पांढऱ्या किनारीची जाडी. पेपर तपासून झाले की मी भिंग घेऊन बसायची. आमच्या गिटारीत मला एक फार वेगळी खूण सापडली. खालच्या चिरेच्या काठाला एक अर्धगोल खाच होती, बारीक, दातेरी. तसली खाच दुसऱ्या कोणत्याही गिटारीला नव्हती. मी फोटो टाकला. तीन आठवडे चर्चा चालली. कुणी म्हणालं, एका विशिष्ट कारागिराची निशाणी असावी. कुणी म्हणालं, हा सुरुवातीचा नमुना असेल, असे मोजकेच निघाले असतील. माझी छाती फुगली. दिवाळीत गावी गेले तेव्हा तो फोटो मोठा करून मी मायला अभिमानानं दाखवला.

मायनं चष्मा सरकवला आणि म्हणाली, "हे त उंदरानं कुरतडलं."

मग तिनं सांगितलं. त्या दुपारी ती चुलीपासून हेच ओरडत होती, की कापसातली सरकी काढून मग भरा, नाहीतर उंदरं लागतील. बाबांना दम नव्हता. त्यांनी सरकीसकट कापूस ठासला. पावसाळ्यात उंदीर आला, चीर कुरतडून मोठी केली, सरकी खाल्ली आणि वरून एक वायरही तोडली. गिटार पुन्हा मुकी झाली. बाबांनी ती पुन्हा जोडली आणि मायला काही बोललेच नाहीत, पंधरा दिवस. मी त्या गटावर जाऊन खरं काय ते लिहिलं. जपानातल्या कुणा म्हाताऱ्या गृहस्थानं त्यावर नुसता हसणारा चेहरा पाठवला.

त्याच गटावरून मला नागपूरचे फ्रान्सिस सर भेटले. जुनी वाद्यं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. फोनवर अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलतात. मी त्यांना ती खरवडलेल्या नावाची गोष्ट सांगितली, माझ्या विसरण्यासकट. ते शांतपणे म्हणाले, "बेटा, नाम याद होता तो भी क्या होता." मग समजावून सांगितलं. त्या काळी जपानात थोडेसेच कारखाने या गिटारी बनवायचे, आणि परदेशातले ढीगभर दुकानदार त्यांच्याकडून त्या घ्यायचे. जो दुकानदार जे नाव सांगेल ते शेंड्यावर चिकटवायचं. एकाच सुताराच्या हातची गिटार दहा नावांनी विकली जायची आणि एका नावाखाली तीन कारखान्यांच्या गिटारी असायच्या. लाकूड एकाचं, चुंबक दुसऱ्याचे, रंग तिसऱ्याचा. शेंड्यावरचं नाव म्हणजे विकणाऱ्याचं, करणाऱ्याचं नव्हेच.

फोन ठेवला आणि मी रडले. मला वाटत होतं की एक नाव माझ्या मांडीवर पुसलं गेलं आणि मी ते जपायला हवं होतं. त्या नावात काही नव्हतंच. मग बाबांनी लिहिलेलं गावाचं नाव तरी कुठं खोटं होतं? ती तीस-पस्तीस वर्षं आमच्या गावाचीच होती.

फ्रान्सिस सरांनी एक शेवटचा उपाय सांगितला. चिरेतून आत टॉर्च मारून बघ, कधीकधी आत शाईचा शिक्का असतो. मी म्हटलं, आत कापूस आहे. त्यांना वाटलं, त्यांनी नीट ऐकलं नाही. मी पुन्हा सांगितलं, कापूस, सरकीसकट, बाबांनी भरलेला. ते म्हणाले, तो फिर बाहर निकाल दे उसे. मी हो म्हटलं. त्याला आठ महिने झाले आणि मी त्या कापसाला हात लावला नव्हता.

कारण त्या गिटारीत त्या एप्रिलमधलं बाबांच्या हातचं दुसरं काय उरलं होतं? तारा कितीदा बदलल्या. खुंट्या बदलल्या. निळा रंग त्यांनीच दोनदा नवा मारला. आतला कापूस तेवढा त्या दुपारचा होता, त्यांच्या बोटांनी दाबलेला, आणि त्यानंतर एका उंदराशिवाय कुणीही त्याला शिवलं नव्हतं. कधीकधी पेपर बाजूला सारून मी त्या चिरेला नाक लावायची. जुन्या कापसाचा, धुळीचा आणि कथिलाच्या राळेचा मिळून एक वास यायचा. बाबा कामावरून आले की त्यांच्या सदऱ्याला यायचा तो. डोळे मिटून घेतले तर आमच्या घराचा तापलेला टिनाचा दरवाजा दिसायचा. पन्नाशी उलटलेल्या बाईनं गिटारीला नाक लावून बसावं हे शोभत नाही, मला ठाऊक आहे.

या वर्षी प्रेरणाचा फोन आला तेव्हा मी नेहमीचं वाक्य बोलायला लागले आणि मध्येच थांबले. म्हटलं, रविवारी गिटार घेऊन गावी येते, आत काही शिक्का निघतो का बघू. पोरीनं फोनवर एवढंच विचारलं, खरंच काय ताई. मला तिचा तो आवाज ऐकून ओशाळल्यासारखं झालं.

माय गावातच राहते. वाशीमला माझ्याकडे चार दिवसांच्या वर टिकत नाही, म्हणते इथं दार उघडलं की दुसऱ्याचं दार दिसते. आम्ही तिघी ओसरीवर बसलो. मी गिटार मांडीत घेतली आणि सायकलची तार वाकवून केलेला आकडा चिरेत घातला, पण पुढे माझा हात चालेना. मायनं माझ्याकडे बघितलं, गिटार ओढून घेतली आणि झाडाच्या ढोलीतून पालापाचोळा काढावा तसा कापूस काढायला लागली. केवढा निघाला. राखाडी झालेला, घट्ट गोळे बनलेला, मध्ये सरकीची पोकळ टरफलं. माय प्रत्येक गोळा बोटांनी पिंजून बाजूला ठेवत होती. मी बघत होते आणि मला बाबा पुन्हा एकदा गेल्यासारखे वाटले.

प्रेरणानं मोबाइलचा टॉर्च मारला. आत कोऱ्या लाकडावर जांभळ्या शाईत एक आकडा होता आणि त्याच्या शेजारी एक लहानसा लाल, गोल शिक्का. फोटो फ्रान्सिस सरांना गेला, त्यांच्याकडून जपानातल्या त्यांच्या ओळखीच्या माणसाला. दोन दिवसांनी उत्तर आलं, तेव्हा मी अजून गावीच होते. शिक्का गिटार तपासून पुढे पाठवणाऱ्या कामगाराचा आहे, त्याच्या आडनावाचा. पण ते आडनाव तिकडे आपल्याकडच्या पाटलांइतकं साधं, त्यावरून माणूस सापडायचा नाही. आणि आकडा दोन कारखान्यांना जुळतो. दोघांपैकी एकानं बनवली. कुणी, ते आता कुणीच सांगू शकणार नाही. फ्रान्सिस सर म्हणाले, बस बेटा, यहीं तक.

मला वाटलं होतं, असं उत्तर आलं तर वाईट वाटेल. तसं काही झालं नाही. कुठल्यातरी थंड गावात एका माणसानं हिला हातात घेऊन वळवून बघितलं असेल, ठीक आहे म्हणून शिक्का मारला असेल आणि जेवायला गेला असेल. ते मला पुरलं. भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. आता माझ्याजवळ एकही सबब उरली नव्हती.

तरी मी मायला म्हटलं, या वर्षी राहू देऊ का, आत्ताच तर ती उघडलीय, पुढच्या वर्षी देऊ. माय तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मले आयकाची हाय ते."

मी म्हटलं, तू तर जन्मभर ऐकलीस.

"कवा?" तिनं सूप खाली ठेवलं. "सांग ना, कवा आयकली म्या?"

मी आठवायला लागले. आमच्याकडे जयंतीला प्रत्येक गाव बाहेरची पार्टी बोलावतं, घरच्या कोंबडीला भाव नसतो म्हणतात तसं. आमची पार्टी महिनाभर परगावी. बाबांबरोबर मी जायची, कोरसमध्ये. धाकटे दोघं आणि शेळ्या सांभाळत माय घरी. बायकांनी पार्टीच्या गाडीत बसून जायची रीत नव्हती. आणि गिटारीचा आवाज मोठा करणारी पेटी साउंडवाल्याची, ती त्याच्या मंडपातून कधी आमच्या घरी आलीच नाही. घरी आणि तालमीत बाबा वाजवायचे ते नुसतं, बिनकरंटचं. पोकळीत कापूस ठासलेली गिटार करंटशिवाय केवढी वाजणार? शेजारच्या खोलीत डास गुणगुणावा तेवढी. मायनं आयुष्यभर तेवढंच ऐकलं. मी मात्र भोंग्यातून, पेटीतून, हजार माणसांच्या मधोमध ती ऐकली आणि तीन वर्षं तिला गोधडीत बांधून ठेवलं. मला तोंड लपवावंसं वाटलं. तिथूनच मी प्रेरणाला फोन केला.

जयंतीच्या आदल्या दिवशी, पाचच्या सुमारास, विहारापुढच्या मैदानात साउंडची जोडणी चालली होती. नवी पार्टी या वर्षी पहिल्यांदा स्वतःच्या गावात गाणार होती. पोरींनी तसा हट्टच धरला होता. ऊन कलतं झालं तरी जमीन तापलेलीच होती. खुर्च्या अजून एकावर एक रचलेल्या होत्या, मायनं त्यातली एक ओढून घेतली आणि अगदी पुढे, स्टेजच्या पायरीला लागून बसली. किसनकाका काठी टेकत आले आणि तिच्यामागे उभे राहिले. मोकळ्या पोकळ्यांत प्रेरणानं स्पंजचे दोन पातळ तुकडे घातले होते. तिनं वायर खुपसली, बटण फिरवलं, आणि एका तारेवर एक साधी चाल वाजवली, सावकाश, तिच्या आजोबांनी तिला गुणगुणून शिकवलेली.

आवाज भरून आला. मैदान ओलांडून, पाण्याच्या टाकीपलीकडे, शेतांपर्यंत गेला. मला वाटलं होतं मी बाबांना ऐकेन. तो बाबांचा हात नव्हता, या पोरीचा होता, जास्त सफाईचा, आणि मला ते टोचलं. मी मायकडे बघितलं. तिनं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. चाल संपली, प्रेरणा वरून विचारायला लागली, आजी, बरोबर आला काय आवाज? मायनं मान हलवली, पण बोलली ती माझ्याशी.

"एवढा मोठा होता काय वं हिचा आवाज?" ती म्हणाली. "अन मी त्यायले रोज म्हनत जाओ, हळू वाजवा."